न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : न्यायासनावरील आजन्म विद्यार्थी

जानेवारीच्या मध्यास अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यतिथी आणि जयंती येते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोनच दिवस उरले होते. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे गुरू म्हणून देश त्यांना ओळखतो. त्यांच्या नावामागे कायमची जडलेली पदवी मात्र न्यायमूर्ती हीच आहे. १८७१ पासून मृत्यूपर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, त्यांचा चरितार्थ आणि दिवसाचा मोठा भाग न्यायदानातच गेला. त्या तीस वर्षांत त्यांनी स्वतःचे शिक्षण कधी थांबविले नाही. त्यातील काही वर्षे तर आपल्या हाताखालील न्यायाधीशांचे काम तपासणे आणि सुधारणे हीच त्यांची नेमून दिलेली जबाबदारी होती.

आज न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळ येथे राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, राज्याराज्यांत न्यायिक अकादमी आहेत. रानडे यांच्या काळात असे काहीही नव्हते. सनदी सेवेतून येणारा इंग्रज अधिकारी विलायतेतील उमेदवारीच्या काळात कायद्याचे थोडेबहुत धडे घेई आणि काही वर्षांतच अनोळखी मुलखातील अनोळखी भाषेत चाललेल्या दाव्यांवर निकाल देऊ लागे. दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमला जाणारा भारतीय कायद्याची परीक्षा देऊन आणि बहुधा थोडी वकिली करून येई. त्यानंतर त्याला शिकविणारे कोणी नसे. चूक झाली तर अपिलात निकाल फिरे, एवढीच काय ती शिकवण. रानडे यांनी या रिकाम्या जागेत काय केले, हा त्यांच्या चरित्राचा तुलनेने कमी सांगितला गेलेला भाग आहे.

निफाड, कोल्हापूर, मुंबई

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकुनी करीत. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत गेले. त्यामुळे महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. आई गोपिकाबाई लवकर निवर्तल्या. मितभाषी, काहीसा मंद वाटणारा हा मुलगा पुढे नाव काढील, असे घरच्यांना फारसे वाटत नसे. कोल्हापूरच्या मराठी आणि इंग्रजी शाळांतील अभ्यासक्रम संपल्यावर १८५६ च्या सुमारास त्याला मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत पाठविण्यात आले.

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८५९ मध्ये झालेल्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या मोजक्या नावांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासह त्यांचेही नाव होते. १८६४ मध्ये ते एम. ए. झाले आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. या वर्षांत त्यांनी इतके वाचन केले की डोळे कायमचे अधू झाले. पुढे आयुष्यभर बरेचसे वाचन त्यांना दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागे; तरीही वाचनाचा क्रम तुटला नाही.

विद्यार्थिदशेतील एक हकीकत चरित्रकारांनी नोंदविली आहे. मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला आणि त्यातील मते न रुचल्याने प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती काही महिन्यांसाठी थांबविली. रानडे यांनी मत बदलले नाही आणि ग्रँट यांच्याविषयीचा आदरही सोडला नाही. मतभेद आणि कटुता या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवण्याची ही सवय पुढे न्यायासनावर त्यांच्या उपयोगी पडली.

तिशीच्या उंबरठ्यावरील परीक्षा

पदवीनंतर काही वर्षे रानडे निरनिराळ्या कामांत होते. सरकारच्या भाषांतरकाराच्या जागी हंगामी काम, अक्कलकोट संस्थानचा कारभार, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशपद आणि १८६८ पासून एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन. ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे संपादनही त्यांनी केले. अध्यापनात ते रमले होते. तरीही नोकरी सांभाळून त्यांनी उच्च न्यायालयाची अॅडव्होकेटची परीक्षा देण्याचे ठरविले आणि १८७१ मध्ये ते ती उत्तीर्ण झाले. उच्च न्यायालयात वकिली करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला होता आणि त्या व्यवसायात पैसा व प्रतिष्ठा दोन्ही होते. रानडे यांनी मात्र न्यायखात्यातील नोकरी पत्करली. मुंबईत काही काळ दंडाधिकारी आणि लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून काम केल्यावर १८७१ च्या अखेरीस ते पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. दोन वर्षांनी ते त्या जागी कायम झाले.

पुण्यात त्यांच्याभोवती सार्वजनिक कामाचे मोठे वर्तुळ उभे राहिले. गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक झाले. १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या इंग्रजी त्रैमासिकातील लेखांचा मोठा वाटा त्यांच्या लेखणीतून उतरला. शेतसारा, दुष्काळ, सावकारी, उद्योग अशा विषयांवरील हे लेखन कचेरीच्या वेळेबाहेर होत असे. त्यासाठी गोळा केलेली माहिती मात्र न्यायालयात रोज समोर येणाऱ्या माणसांच्या जगण्याविषयीचीच होती.

याच काळात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या टीकेचा प्रसंग घडला. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई यांचे निधन झाले. रानडे विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. ते विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच भीती वडिलांना होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. सनातनी हसले, सुधारक दुखावले. या टीकेचे खंडन करण्याचा प्रयत्न रानडे यांनी केला नाही. रमाबाईंना लिहावाचायला शिकविण्याचे काम मात्र त्यांनी लग्न होताच हाती घेतले आणि घरातील स्त्रियांचा विरोध असूनही ते चालू ठेवले. पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यात अग्रभागी राहिलेल्या आणि १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिणाऱ्या रमाबाई याच. रानडे यांच्या दिनक्रमाविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातील बरेचसे या पुस्तकामुळेच.

संशयाची वर्षे

सरकारी न्यायाधीशाने लोकांच्या गाऱ्हाण्यांना वाचा फोडावी, हे सरकारला रुचणारे नव्हते. १८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली. १८७९ हे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे वर्ष. पुण्यातील सुशिक्षितांचा बंडाशी संबंध असावा, असा संशय अधिकाऱ्यांना होता आणि रानडे त्या संशयाच्या कक्षेत होते. धुळ्यात असताना त्यांची टपालातील पत्रे उघडून पाहिली जात. संशयाला आधार मिळाला नाही. रानडे यांनी या काळात तक्रारीचा सूर काढला नाही आणि न्यायालयीन कामात कसूरही होऊ दिली नाही. १८८१ च्या आरंभी मुंबईत काही आठवडे दंडाधिकारी म्हणून काम केल्यावर ते पुन्हा पुण्याला आले. आता त्यांच्याकडे येणार होते ते काम त्यांच्या न्यायालयीन आयुष्यातील सर्वांत वेगळे काम ठरले.

कर्जरोख्यांची होळी आणि नवा कायदा

या कामाची मुळे १८७५ च्या घटनांत होती. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पोहोचले. दंगेकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, ही गोष्ट चौकशी करणाऱ्या आयोगाच्याही ध्यानात आली. कागदावर अंगठा उठवलेला, त्यात काय लिहिले आहे ते ठाऊक नाही, व्याजाचे मुद्दल होऊन नवे खत लिहिले जाते आणि अखेर न्यायालयातून हुकूमनामा येतो, असे ते चक्र होते.

न्यायालयाचा या चक्रातील वाटा लहान नव्हता. सावकार दावा दाखल करी, शेतकरी हजरच राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. शेतकरी आला तरी न्यायाधीशापुढे सहीअंगठ्याचा रोखा असे आणि रोखा खरा असला की मागचा हिशेब विचारण्याचे कारण न्यायाधीशाला वाटत नसे. जमीन लिलावात जाई. कायदा पाळला गेलेला असे, पण अन्याय झाल्याची भावना गावात राही.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. या कायद्याने न्यायाधीशाचे काम मुळापासून बदलले. आता त्याने रोख्याच्या मागे जायचे होते. पहिले कर्ज केव्हा आणि किती घेतले, हातात प्रत्यक्ष किती रक्कम पडली, मध्ये किती फेड झाली, व्याज कोठे मुद्दलात मिळविले, हे सारे पहिल्यापासून तपासायचे होते. प्रतिवादी शेतकऱ्याला शक्यतो समोर बोलावून त्याची साक्ष घ्यायची होती. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ द्यायचे नव्हते. दामदुप्पटीचा हा जुना देशी नियमच होता. फेडीचे हप्ते बांधून देण्याची मुभा होती आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास बंदी होती. किरकोळ दाव्यांसाठी गावमुन्सफ, दाव्याआधी समेटासाठी सलोखा करणारे आणि रोखे नोंदविण्यासाठी ग्रामनिबंधक नेमण्याची तरतूद होती.

या कायद्यात एक मोठी जोखीमही होती. खर्च आणि विलंब टाळण्यासाठी अशा दाव्यांतील अपील बंद करण्यात आले होते. म्हणजे ज्या वेळी दुय्यम न्यायाधीशावर पूर्वी कधी नव्हती एवढी चौकशीची जबाबदारी आली, त्याच वेळी त्याची चूक दुरुस्त करणारी नेहमीची वाटही बंद झाली. नवी पद्धत त्याला समजली नाही, किंवा समजूनही त्याने जुन्याच सवयीने रोख्यावर हुकूमनामा दिला, तर शेतकऱ्याची जमीन कायमची जाणार. उलट, शेतकऱ्याची कणव येऊन त्याने सावकाराचे खरे येणेही छाटले, तर गावात पुढे कोणी कर्ज देणार नाही. सारा भार न्यायाधीशाच्या समजेवर येऊन पडला होता.

यावर कायद्याने शोधलेला उपाय म्हणजे देखरेख आणि फेरतपासणी. चारही जिल्ह्यांतील न्यायालयांच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले. न्यायालयांची दप्तरे पाहणे, निकालांची कागदपत्रे मागवून घेणे आणि अन्याय आढळल्यास निकाल दुरुस्त करणे, हे त्याचे अधिकार. या पदावर डॉ. पोलन हे इंग्रज अधिकारी होते. १८८१ मध्ये त्यांचे साहाय्यक म्हणून रानडे यांची नेमणूक झाली आणि पुणे व सातारा जिल्ह्यांतील न्यायालयांची तपासणी त्यांच्याकडे आली.

दौऱ्यावरील शिकवण

वर्षातील अनेक महिने आता दौऱ्यात जाऊ लागले. गावोगावच्या न्यायालयांत जायचे, दप्तर पाहायचे, पुढच्या मुक्कामाला निघायचे. रमाबाईही पुष्कळदा सोबत असत आणि मुक्कामाच्या गावी स्त्रियांना भेटत, मुलींच्या शाळा पाहत. प्रवासातही रानडे यांचे वाचन आणि लेखन चालूच असे.

तपासणीस आलेल्या वरिष्ठापुढे दप्तर ठेवणारा तालुक्याचा न्यायाधीश आणि अपिलात आपला निकाल फिरल्याचे महिन्यांनंतर कळणारा न्यायाधीश यांच्या अनुभवात मोठे अंतर आहे. पहिल्याला आपली चूक नेमकी कोणत्या हिशेबात, कोणत्या न विचारलेल्या प्रश्नात झाली, ते त्याच कागदांवरून दिसते. रानडे स्वतः दहा वर्षे दुय्यम न्यायाधीश राहिले होते. त्या खुर्चीतील घाई, साचलेले दावे, वकिलांचा रेटा आणि मोडी कागदांचे ढीग त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शेतकऱ्याची भाषा, सावकाराच्या वहीची मांडणी आणि गावातील देण्याघेण्याच्या रीती त्यांना भाषांतराशिवाय समजत. तपासणीच्या कामाला याहून चांगली पूर्वतयारी क्वचितच कोणाची झाली असेल.

या दौऱ्यांतून रानडे यांचेही शिक्षण होत होते. कर्जबाजारीपणाचे मूळ एकट्या सावकाराच्या लोभात नाही. शेतसाऱ्याचे ओझे, पावसाची अनिश्चिती आणि स्वस्त पतपुरवठ्याचा अभाव यांतही ते आहे, हे त्यांचे मत पक्के झाले. न्यायालय जुने कर्ज कमी करील, पण पुढच्या हंगामाचे बियाणे कोठून येणार, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. त्यामुळे सर विल्यम वेडरबर्न यांनी मांडलेल्या शेतकी बँकेच्या योजनेला त्यांनी मनःपूर्वक साथ दिली. पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग करण्याचे घाटत होते. विलायतेतील भारतमंत्र्यांकडून मंजुरी न मिळाल्याने ती योजना बारगळली.

कायद्यालाही मर्यादा होत्या. सावकारांनी नव्या वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची प्रथा वाढली आणि पत आटल्याच्या तक्रारी आल्या. कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागल्या. रानडे या कायद्याचे समर्थक होते, तरी तो सर्व दुखण्यांवरचा उपाय आहे, असा दावा त्यांनी केला नाही.

१८८४ मध्ये ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. पुढेही दोनदा हा मान त्यांना मिळाला. कायदा राबविणारा न्यायाधीश आता कायदा घडविणाऱ्यांच्या बैठकीतही बसू लागला.

कलकत्त्यातील बंगाली अक्षरे

१८८६ मध्ये भारत सरकारने खर्चाच्या काटकसरीसाठी नेमलेल्या वित्त समितीवर रानडे यांना घेण्यात आले. त्या कामासाठी त्यांना सिमला आणि कलकत्ता येथे राहावे लागले. कलकत्त्यातील मुक्कामाची एक आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. दारावर बंगाली वृत्तपत्र विकावयास आले, तेव्हा ते वाचता येत नाही म्हणून रमाबाईंनी परत पाठविण्याचे सुचविले. ज्या प्रांतात राहायचे तेथील भाषा आपल्याला येऊ नये, ही गोष्ट रानडे यांना खटकली. त्यांनी बंगालीची प्राथमिक पुस्तके आणविली आणि अक्षरओळखीपासून आरंभ केला. दाढी करावयास आलेल्या न्हाव्यालाही ते अडलेले शब्द विचारीत. पत्नीला त्याचे हसू आले. ज्याच्याकडून जे शिकता येईल ते शिकावे, यात रानडे यांना संकोच वाटला नाही. पंचेचाळिशीला पोहोचलेल्या आणि सरकारदरबारी मान्यता पावलेल्या न्यायाधीशाची ही गोष्ट आहे.

समितीचे काम आटोपल्यावर डॉ. पोलन यांच्या जागी रानडे स्वतः विशेष न्यायाधीश झाले. १८९३ पर्यंत ते या पदावर होते. त्या काळी जिल्हा न्यायाधीशाच्या जागा प्रामुख्याने सनदी सेवेतील इंग्रजांकडे असत. अशा वेळी चार जिल्ह्यांतील न्यायालयांच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी दुय्यम न्यायाधीशांतून वर आलेल्या भारतीयाकडे यावी, ही साधी गोष्ट नव्हती.

त्याच वर्षांत पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या हाताखाली तयार होत होते. अहवाल, आकडे आणि कायद्याचे मसुदे यांचा अभ्यास करावयाचा, टिपण लिहावयाचे आणि रानडे यांनी ते कठोरपणे तपासावयाचे, अशी ती शिस्त होती. पुढे केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील गोखले यांची भाषणे गाजली, त्यांचा पाया या वर्षांत घातला गेला.

याच काळात रानडे यांच्यावर पुन्हा टीकेची वेळ आली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठे वादळ उठले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. सहकाऱ्यांना होणारा जाच थांबावा, हा त्यांचा हेतू असला तरी अनेक सुधारकांना ते पचले नाही. समाजाला सोबत घेऊन सावकाश पुढे जाण्याची त्यांची रीत येथे त्यांना महाग पडली. त्यांच्या चरित्रातील ही उणीव त्यांच्या चाहत्यांनीही झाकलेली नाही.

उच्च न्यायालयात

सप्टेंबर १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून रानडे यांची निवड झाली. त्यांच्यापूर्वीचे नानाभाई हरिदास आणि तेलंग हे दोघेही वकिलीतून उच्च न्यायालयात आले होते. रानडे आले ते कनिष्ठ न्यायासनावरील वीसहून अधिक वर्षांचा अनुभव घेऊन. पुण्याने त्यांना निरोप दिला तो अनेक सत्कारसमारंभांनी.

उच्च न्यायालयात येणाऱ्या अपिलांमागील तालुक्याचे न्यायालय त्यांनी आतून पाहिले होते. दत्तक, वारसा, एकत्र कुटुंबाची मिळकत, इनाम आणि वतन यांसारख्या प्रश्नांत त्यांना संस्कृत ग्रंथांचे ज्ञान, मराठी कागदपत्रांची जाण आणि प्रत्यक्ष रूढींची माहिती या तिन्हींचा उपयोग होई. प्रकरणाची तयारी बारकाईने करणे, वकिलांचे म्हणणे शांतपणे ऐकणे आणि निकाल सविस्तर कारणांसह देणे, अशी त्यांची पद्धत होती. सर लॉरेन्स जेंकिन्स १८९९ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले, तेव्हा त्यांना रानडे यांच्यासारखा अनुभवी सहकारी लाभला.

न्यायमूर्ती झाल्यावर अभ्यास आटोपता घेण्याचा मोह त्यांना झाला नाही. याच सात वर्षांत त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर सर्वांत भरीव लेखन केले. मराठेशाहीतील नाणी आणि टांकसाळी यांवरील निबंध, पेशव्यांच्या दैनंदिन्यांची प्रस्तावना आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ ही त्याची फळे. पेशव्यांच्या दप्तरातून त्यांनी महसूल, पोलीस, चलन यांबरोबर न्यायव्यवस्थेचाही मागोवा घेतला. रामशास्त्री प्रभुणे यांच्या परंपरेकडे एक कार्यरत न्यायाधीश अभ्यासकाच्या नजरेने पाहत होता. विद्यापीठात मराठीसह देशी भाषांना उच्च अभ्यासक्रमात स्थान मिळावे, यासाठीही ते अखेरपर्यंत झटत राहिले.

हृदयविकाराने मात्र शरीर खचत चालले होते. प्रकृतीसाठी त्यांनी दीर्घ रजा घेण्याचे ठरविले होते. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले काम

रानडे यांच्यानंतर न्यायाधीशांच्या शिक्षणाचा प्रश्न संस्थेच्या रूपाने सोडविण्यास देशाला बराच काळ लागला. १९८६ मध्ये विधी आयोगाने आपला ११७ वा अहवाल न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाच वाहिला. १९९३ मध्ये राष्ट्रीय न्यायिक अकादमीची स्थापना झाली. महाराष्ट्रात भाईंदरजवळील उत्तन येथे राज्याची न्यायिक अकादमी उभी राहिली. सेवेत येणाऱ्या नव्या न्यायाधीशाला आरंभीचे प्रशिक्षण आणि जुन्या न्यायाधीशाला अधूनमधून उजळणीचे वर्ग, ही आता मान्य झालेली रीत आहे. सायबर गुन्हे, डिजिटल पुरावा, पर्यावरण, बौद्धिक संपदा असे विषय आजच्या न्यायाधीशाला सेवेत आल्यावरच शिकावे लागतात; अनेकांच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ते नव्हतेच.

विषय बदलले, तरी १८८१ मध्ये पुणे आणि सातारा जिल्ह्यांत उभा राहिलेला प्रश्न जुना झालेला नाही. नवा कायदा येतो, तो चांगल्या हेतूने येतो. पण तालुक्याच्या न्यायालयातील न्यायाधीशाला तो उमगला नाही, तर ज्याच्यासाठी तो केला त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. वर्गात सांगितलेले कलम आणि प्रत्यक्ष दप्तरातील कागद यांची गाठ कोणी तरी घालून द्यावी लागते. अपिलाची वाट आज खुली आहे, परंतु तिचा खर्च आणि तिला लागणारी वर्षे प्रत्येक पक्षकाराला परवडत नाहीत. त्याच्यापुरता पहिल्या न्यायालयाचा निकाल हाच शेवटचा असतो.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले, त्याला आता सुमारे दीड शतक झाले. त्या रोख्यांमागचा हिशेब विचारणारा न्यायाधीश घडवावा लागतो आणि आधी स्वतः घडावे लागते, हे रानडे यांनी आपल्या तीस वर्षांच्या सेवेतून दाखवून दिले. निफाडच्या कारकुनाच्या या मुलाला मिळालेली न्यायमूर्ती ही पदवी लोकांनी त्याच्या नावापासून कधीच वेगळी केली नाही.